एकांताची कुटी, सामायिक चूल

कार्थुझियन पंथातल्या संन्याशाच्या कुटीला दाराशेजारी भिंतीत एक कोनाडा असतो. तो आरपार असतो, पण पुष्कळदा सरळ नसतो. भिंतीच्या जाडीतच तो काटकोनात वळतो. ओसरीतून जाणारा सेवेकरी बंधू बाहेरची झडप उघडून आत पाव, भाजीचं वाडगं, कधी अंडं किंवा मासळी ठेवतो, झडप लावतो आणि पुढच्या कुटीकडे जातो. मग आतला संन्यासी आपल्या बाजूची झडप उघडून जेवण घेतो. मधल्या वळणामुळे दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत नाही. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. वाडे आणि देवळांच्या ओवऱ्या मोजण्यात माझी बरीच वर्षं गेली, पण माणसाचा एकांत राखायला गवंडीकामात एवढा विचार घातलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. त्या कोनाड्यात हात घालून पाहिला. कोपर वळवल्याशिवाय पलीकडच्या झडपेपर्यंत बोटं पोचत नाहीत.

मी पाहिलेला हा कार्थुझियन मठ फ्रान्सच्या दक्षिणेत व्हिलनव्ह लेझ आव्हिन्यों या गावात आहे. रोन नदीच्या एका तीरावर आव्हिन्यों शहर आणि पोपचा प्रचंड राजवाडा, दुसऱ्या तीरावर हे लहान गाव. मठाला तिकडे नुसतं ‘शार्त्रूझ’ म्हणतात. कार्थुझियन मठाचं ते फ्रेंच नाव. आज या कुट्यांमध्ये नाटककार राहतात. कोणी काही आठवडे, कोणी त्याहून जास्त. येतात, लिहितात, जातात. रिकाम्या मठांमध्ये कलाकारांना राहायला जागा देणारी ठिकाणं युरोपात बरीच झाली आहेत. पण सहाशेहून जास्त वर्षांपूर्वीची इमारत आणि तिचा आजचा उपयोग एकमेकांना इतके नेमके जुळलेले मी इथेच पाहिले. ही जुळणी कशी झाली आणि तिला किती काळ लागला, ते सांगण्यासारखं आहे. आपल्याकडेही हल्ली ओस पडलेला वाडा दिसला की कोणीतरी ‘इथे आर्ट रेसिडेन्सी करू’ असं म्हणतंच.

चौदाव्या शतकात पोप रोममध्ये नव्हे, आव्हिन्योंमध्ये राहत होते. नदीपलीकडचं व्हिलनव्ह फ्रान्सच्या राजाच्या हद्दीत होतं. आव्हिन्योंच्या गर्दीला आणि घाणीला कंटाळलेल्या कार्डिनलांनी तिथे ऐसपैस वाडे बांधले. १३५२ मध्ये पोप सहावे क्लेमंट वारले आणि नव्या पोपची निवड सुरू झाली. तेव्हा कार्थुझियन पंथाचे प्रमुख जाँ बिरेल यांचं नाव पुढे आलं होतं, पण ते पोप झाले नाहीत. त्यांनी नम्रपणे नकार दिला, अशी परंपरेची कथा आहे. निवडून आले एतिएन ओबेर, आणि त्यांनी इनोसंट सहावे हे नाव घेतलं. कथा पुढे सांगते की बिरेल यांच्या त्या नम्रतेची आठवण राहावी म्हणून त्यांनी १३५६ मध्ये व्हिलनव्हमधली आपली राहती जागा कार्थुझियनांना मठासाठी दिली. १३६२ मध्ये पोप वारले, तेव्हा त्यांना याच मठाच्या चर्चमध्ये पुरलं. पुढे त्यांच्या पुतण्याने मठ वाढवला. हळूहळू तीन चौक झाले, पाव भाजायची भट्टी झाली, धुणीघर झालं. चुकलेल्या संन्याशांना कोंडायच्या खोल्याही झाल्या.

कार्थुझियनांचा हा पंथ ब्रूनो या जर्मन धर्मगुरूने १०८४ मध्ये आल्प्सच्या एका दुर्गम खोऱ्यात सुरू केला. ख्रिस्ती संन्याशांचे बहुतेक पंथ एकत्र राहतात, एकत्र झोपतात, एकत्र जेवतात. रानात एकटा बसलेला तपस्वी ही दुसरी परंपरा. ब्रूनोच्या अनुयायांनी दोन्हींचा मेळ घातला. प्रत्येकाला स्वतंत्र घर, आणि सगळी घरं एका चौकाभोवती, एकाच ओसरीने जोडलेली. घर म्हणजे खरोखरच घर. जळणाची जागा, हत्यारांसह काम करायची खोली, झोपायची आणि प्रार्थनेची खोली, आणि उंच भिंतीआड स्वतःची लहानशी बाग. बागेच्या कडेने छप्पर घातलेली एक वाट शौचकूपापर्यंत जाते. संन्याशाचा बहुतेक दिवस या घरातच जातो. मध्यरात्रीची प्रार्थना, सकाळची उपासना आणि संध्याकाळची प्रार्थना एवढ्यांपुरता तो चर्चमध्ये इतरांना भेटतो. रविवारी आणि सणाच्या दिवशी सगळे भोजनशाळेत एकत्र जेवतात, तेही न बोलता. एक जण वाचून दाखवतो, बाकीचे ऐकतात. आठवड्यातून एकदा सगळे मिळून लांब फिरायला जातात आणि त्या वेळी मनसोक्त बोलतात.

कान्हेरीला गेलेल्यांना यातलं काही ओळखीचं वाटेल. तिथेही पुष्कळ भिक्षूंना स्वतंत्र लेणं, बसायला दगडी ओटा आणि दाराशी पाण्याची पोढी आहे, आणि एकत्र जमायला मोठा चैत्य. एकांत हवा असणाऱ्यांनी एकत्र कसं राहायचं, हा प्रश्न दोन्हीकडे होता. कार्थुझियनांचं उत्तर मला जास्त काटेकोर वाटतं. एकांत कुठे संपतो आणि संगत कुठे सुरू होते, ती रेघ त्यांनी दारं, भिंती आणि घंटा यांनी स्पष्ट आखून दिली होती. संन्याशाला रोज नव्याने ठरवावं लागत नसे की आज कोणाला भेटू आणि कोणाला टाळू. ते इमारतीनेच ठरवलेलं असे.

लिहिणाऱ्या माणसाला नेमकं हेच लागतं. बरेच जण समजतात की कलाकाराला शांतता लागते, म्हणून त्याला डोंगरावर, नदीकाठी जागा द्यावी. शांतता लागतेच. पण त्याहून जास्त लागते ती ही खात्री की दुपारी कोणी दार वाजवणार नाही, आणि ही दुसरी खात्री की रात्री बोलायला कोणीतरी असेल. एकाला दुसऱ्याची जोड नसली की माणूस आठवड्याभरात एकतर घरी पळतो, नाहीतर दिवसभर गप्पा मारत बसतो.

फ्रेंच राज्यक्रांतीने ही घडी मोडली. सरकारने धर्मसंस्थांच्या मिळकती ताब्यात घेतल्या. संन्याशांना बाहेर पडावं लागलं, ग्रंथसंग्रह पांगला आणि मठाचे तुकडे पाडून लिलाव झाला. कोणी चौकाची एक बाजू घेतली, कोणी दोन कुट्या, कोणी चर्चचा भाग. गावातली गरीब कुटुंबं राहायला आली. ओसरीच्या कमानी विटांनी बुजल्या, बागांमध्ये कोंबड्या आणि डुकरं आली, प्रार्थनेच्या जागी द्राक्षाच्या दारूची पिंपं लागली. प्रॉस्पेर मेरिमे हे फ्रान्सच्या ऐतिहासिक वास्तूंचे सरकारी निरीक्षक होते. ‘कार्मेन’ ही कथा लिहिणारे तेच. १८३४ मध्ये ते दक्षिणेच्या दौऱ्यावर आले, तेव्हा पोपची नक्षीदार समाधी त्यांना एका द्राक्षमळेवाल्याच्या जागेत पिंपांच्या आणि अडगळीच्या गराड्यात सापडली. ते संतापले आणि त्यांनी तसं लिहिलं. नंतर ती समाधी गावातल्या रुग्णसेवेच्या जुन्या धर्मशाळेत हलवली. मठात ती परत आली ती थेट विसाव्या शतकात.

अशा इमारतींचा इतिहास लिहिताना या कुटुंबांचा उल्लेख बहुधा नासधुशीच्या परिच्छेदात येतो. मला तो न्याय्य वाटत नाही. नासधूस झाली, हे खरं. दगड विकले गेले, मूर्ती गेल्या. आज चर्चमध्ये उभं राहिलं की अल्टारमागची भिंत जिथे असायला हवी तिथे मोकळं आकाश आणि समोरच्या टेकडीवरचा सेंट आंद्रेचा किल्ला दिसतो. पण ज्या कुट्यांमध्ये माणसं राहिली त्यांची छपरं टिकली. गळतं तिथे कौल सरकवायला, पन्हळीतला पाला काढायला, उंबऱ्याशी पाणी साठलं तर चर खणायला तिथे कोणीतरी होतं. इमारतीचं आयुष्य याच कामांवर टिकतं. चार-सहा वर्षं कोणी पन्हळ साफ केली नाही तर काय होतं, ते मला दर पावसाळ्यानंतर नव्याने पाहावं लागतं.

माणसं अजिबात राहायला आली नाहीत तर काय होतं, ते जुन्या गोव्यात दिसतं. पोर्तुगालने आपल्या राज्यातले पुरुष संन्याशांचे पंथ बरखास्त केले आणि १८३५ मध्ये गोव्यातले मठही रिकामे झाले. पवित्र टेकडीवरचा ऑगस्टिनियनांचा मठ त्यातलाच. चर्चची घुमटाकार कमान १८४२ मध्ये, म्हणजे सात वर्षांतच कोसळली. उरलेलं हळूहळू पडत गेलं आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि निम्मा मनोरा खाली आला. आज जांभ्या दगडाचा जो एकटा मनोरा पर्यटक पाहतात, तो या मोकळ्या सोडलेल्या मठाचा अवशेष आहे. कोकणपट्टीचा पाऊस आणि दक्षिण फ्रान्सचं कोरडं हवामान यांत फरक आहे, हे मान्य. तरीही मला हा फरक पावसाइतकाच माणसांचाही वाटतो.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रेंच सरकारने व्हिलनव्हचा मठ संरक्षित ठरवला आणि तुकडे परत विकत घ्यायला सुरुवात केली. एक घर, एक भिंत, एक बाग, अशी. मालक तयार झाला की खरेदीखत, पैसे आले की दुरुस्ती. त्यात दोन महायुद्धं येऊन गेली. हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं, आणि त्या काळात पुढे इथे काय करायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आधी उपयोग ठरवून मग इमारत त्या साच्यात बसवायची, असं इथे झालं नाही. इमारत आधी सावरली, तिचे चौक पुन्हा जोडले गेले, बुजलेल्या कमानी मोकळ्या झाल्या, आणि त्यानंतर तिला साजेसं काम सापडलं.

ते काम नदीपलीकडून आलं. १९४७ मध्ये नट आणि दिग्दर्शक जाँ व्हिलार यांनी पोपच्या राजवाड्याच्या मोठ्या चौकात नाटकं केली आणि त्यातून आव्हिन्योंचा नाट्यमहोत्सव उभा राहिला. दर जुलैत सगळं शहर नाटकाने भरून जातं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये एक विचार जोर धरू लागला. देशभर पडून असलेल्या मोठ्या ऐतिहासिक वास्तूंची नुसती संग्रहालयं न करता, जिथे आजचं काम घडेल अशी केंद्रं त्यांतून उभी करावीत, असा तो विचार होता. जाक रिगो या अधिकाऱ्याने त्याचा पाठपुरावा केला आणि अशा केंद्रांचं एक जाळं तयार झालं. १९७३ मध्ये शार्त्रूझमध्ये असं केंद्र सुरू झालं. १९९१ मध्ये ते रंगभूमीसाठी लिहिणाऱ्यांचं राष्ट्रीय केंद्र झालं. इमारत सरकारची आणि कारभार एका संस्थेचा, अशी व्यवस्था आहे. दिवसा तिकीट काढून लोक मठ पाहायला येतात, पुस्तकांचं दुकान आहे, उन्हाळ्यात प्रयोग आणि वाचनं होतात, आणि या सगळ्याच्या आत, बंद दारांमागे, लिहिणारे लिहीत असतात.

मी गेले तो हंगाम महोत्सवाचा नव्हता. मिस्त्राल नावाचा उत्तरेचा बोचरा वारा सुटला होता आणि ओसरीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. लोकांना दाखवायला एक कुटी जुन्या पद्धतीने मांडून ठेवली आहे; कोनाडा मी पाहिला तो तिथे. नंतर पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या एका नाटककार बाईंनी त्यांची कुटी आतून पाहू दिली. वास्तूचं काम करणारी बाई भारतातून आलीय, तिला भिंती पाहायच्या आहेत, एवढीच आमची ओळख. बागेवर उघडणारी सुरेख खिडकी सोडून त्यांनी टेबल दाराकडे ओढलं होतं. कारण विचारलं तर म्हणाल्या, ओसरीतून जाणाऱ्यांची पावलं ऐकू यावीत म्हणून. त्यांच्या घरी लिहायला बसलं की मुलं, दीर, शेजारी, सगळे आत-बाहेर करतात. इथे पहिले काही दिवस कोणीच आलं नाही, तेव्हा त्यांना शिक्षा झाल्यासारखं वाटलं. मग पावलांवरून माणसं ओळखता यायला लागली आणि लिखाण सुरू झालं. नको असलेली पानं त्यांनी दाराजवळच्या एका खणात गच्च भरून ठेवली होती. मला म्हणाल्या, संध्याकाळी जेवायला जाते तेव्हा या खणाकडे बघतही नाही.

संध्याकाळचं जेवण सगळ्यांचं एकत्र. बाईंच्या बोलण्यात सर्वांत जास्त वेळ याच जेवणाबद्दल गेला. कोणाचा दुसरा अंक अडला, कोणाचं पात्र मरायला तयार नाही, कोण उद्या जाणार, कोण नवं येणार. दिवसभर गप्प राहिलेल्या माणसांना त्या वेळी बोलायला अक्षरशः भूक लागलेली असते. मठाच्या जुन्या भोजनशाळेला तिकडे ‘तिनेल’ म्हणतात. तिथे आता नाट्यप्रयोग आणि नव्या संहितांची वाचनं होतात. पूर्वी तिथे एक जण वाचायचा आणि बाकीचे जेवता जेवता ऐकायचे. जेवण बाजूला झालं, पण मोठ्याने वाचलेलं एकत्र बसून ऐकण्याचा त्या दालनाचा जुना सराव चालूच आहे.

आता थोडं माझ्या कामाबद्दल, कारण इमारत बदलताना खरी परीक्षा तिथे असते. संन्याशाच्या कुटीत न्हाणीघर, गरम पाणी, वीज, इंटरनेट आणायचं म्हणजे नळ आणि तारा आल्या. भिंतीला खाच पाडून नळ आत दडवायचा मोह प्रत्येक कंत्राटदाराला होतो. जुन्या दगडी भिंतीत तसं करू नये. नळ आतून गळायला लागला तर कळायला वर्ष जातं आणि तोवर भिंतीचं पोट भिजलेलं असतं. नळ उघडे, जमिनीलगत, हात पोचेल असे न्यावेत. नवं न्हाणीघर भिंतीला न चिकटवता खोलीत ठेवलेल्या कपाटासारखं उभं करावं. म्हणजे पन्नास वर्षांनी कोणाला नको झालं तर काढता येईल. दुसरी गोष्ट चुन्याची. या भागातला दगड चुनखडीचा आणि मऊ. दगडांच्या दरजा सिमेंटने भरल्या की भिंतीतली ओल सिमेंटमधून बाहेर पडत नाही, ती दगडातून वाट काढते. तिच्याबरोबर क्षार येतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. चुना दगडापेक्षा मऊ असतो, ओल सोडतो, झिजतो तो स्वतः झिजतो आणि दगडाला वाचवतो. दर काही वर्षांनी चुना पुन्हा भरावा लागतो. हा खर्च कोणालाच आवडत नाही, पण पर्याय नाही.

आणि थंडी! जाड दगडी भिंतींच्या खोल्या हिवाळ्यात तापवणं म्हणजे पैशाचा धूर. संन्यासी लोकरीची घोंगडी पांघरून, लाकूड जाळून भागवायचे. दिवसभर खुर्चीत बसून लिहिणाऱ्याला ते जमत नाही. नाटककार बाईंच्या टेबलापाशी विजेची शेगडी होती आणि त्यांनी लोकरी टोपी घालूनच मला कुटी दाखवली.

रिकाम्या मठात कलावंतांना बोलवायची कल्पना व्हिलनव्हच्या आधीची आहे. पाँतिन्यी गावातला सिस्टर्शियन पंथाचा मठ पॉल देजार्दँ या प्राध्यापकाने १९०६ मध्ये विकत घेतला. १९१० पासून दर उन्हाळ्यात तो लेखक-विचारवंतांना दहा-दहा दिवस तिथे बोलवायचा. पहिल्या महायुद्धात खंड पडला, १९२२ मध्ये पुन्हा सुरुवात झाली आणि १९३९ पर्यंत ते चाललं. आंद्रे जीद तिथे नेहमी यायचे. पॅरिसच्या उत्तरेला रॉयोमाँ आहे. नवव्या लुई राजाने १२२८ मध्ये स्थापन केलेला हा मठ क्रांतीनंतर सूतगिरणी झाला आणि त्याचं भव्य चर्च दगडांसाठी पाडलं गेलं. पहिल्या महायुद्धात तिथे स्कॉटलंडच्या एका महिला संस्थेच्या डॉक्टरांनी, फ्रान्सेस आयव्हन्स यांच्या नेतृत्वाखाली, जखमी सैनिकांचं इस्पितळ चालवलं. शस्त्रक्रिया करणाऱ्याही बायकाच. त्या काळात ही मोठी गोष्ट होती. पुढे मालक आँरी ग्वँ आणि त्यांच्या पत्नीने मठ संगीताला वाहिला आणि १९६४ मध्ये त्याचा न्यास केला. आज तिथे गायक-वादक राहून काम करतात.

तिसरं ठिकाण या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. रांस शहराजवळ सँ-एर्म नावाच्या खेड्यात जोगिणींचा जुना, अवाढव्य मठ आहे. तो यान रित्समा या डच रंगकर्मीने विकत घेतला आणि २००६ मध्ये नर्तक, नाटकवाले, तत्त्वज्ञ, कोणालाही मोकळा केला. तिथे निवड समिती नाही, शिष्यवृत्ती नाही, संचालकही नाही. यायचं, राहण्याचे थोडे पैसे द्यायचे, काम करायचं, स्वयंपाक आणि साफसफाई आपापसांत वाटून घ्यायची. नियम मोजकेच. मागे पसारा ठेवू नका. दुसऱ्याला त्याचं काम करता येईल असं वागा. जो करतो तो ठरवतो. कालांतराने त्यात एक नियम वाढवावा लागला: माणसामाणसांतल्या असमानतेचं भान ठेवा. हा वाढवलेला नियम मला सगळ्यांत बोलका वाटतो. सगळे समान आहेत असं म्हणून दार उघडलं की आवाज मोठा असलेला, पैसेवाला, भाषा येणारा आपोआप पुढे जातो आणि भांडी ठरावीक माणसांच्याच वाट्याला येतात. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या संन्याशांसाठी नियम केले, तेव्हा त्यालाही हे माहीत होतं. आजारपण किंवा तसंच महत्त्वाचं काम असल्याशिवाय स्वयंपाकघरातली पाळी कोणालाही माफ नाही, आणि आठवडा संपला की पाळी संपवणाऱ्याने पंचे धुऊन, भांडी स्वच्छ करून भांडाऱ्याच्या हवाली करायची, इतक्या बारीकसारीक गोष्टी त्याने लिहून ठेवल्या आहेत.

व्हिलनव्ह आणि सँ-एर्म यांत मी डावं-उजवं करणार नाही. एकीकडे सरकारी पैसा आहे, निवड आहे, जेवण तयार मिळतं, आणि त्याबरोबर सरकारी धोरण बदललं तर काय ही टांगती तलवार आहे. दुसरीकडे कोणाची मेहरबानी नाही, पण राहणाऱ्याचा अर्धा जीव व्यवस्थेत जातो. मला दिसतं ते एवढंच की दोन्ही ठिकाणी राहण्याचा एक क्रम आहे. तो नसता तर त्या भिंती पाहायला लोक आले असते, राहायला आले नसते.

आपल्याकडे मला याचीच उणीव दिसते. कृष्णाकाठच्या एका वाड्याचं काम सध्या माझ्यापुढे आहे. मालक भावंडं परगावी आहेत, हौशी आहेत, खर्च करायला तयार आहेत. त्यांना तिथे चित्रकारांना आणि लेखकांना राहायला जागा द्यायची आहे. पहिल्या भेटीत आमचं बोलणं दिवाणखान्यातल्या लाकडी नक्षीवर आणि दर्शनी चौकातल्या मंचावर झालं. मी स्वयंपाकघराचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, केटरर सांगू. मी त्यांना म्हटलं की केटररचं जेवण खोलीत नेऊन खाता येतं, आणि तसं सुरू झालं की महिन्याभरात राहणारे एकमेकांची नावंही विसरतील. मागच्या चौकातली चूल मोठी करा, दहा माणसं बसतील एवढी पडवी मोकळी करा, मग वरच्या खोल्यांना आतून लागणाऱ्या कड्या बसवू. हे त्यांना पटलं.

अडलंय ते दुसरीकडे. त्याच मागच्या चौकात दोन भाडेकरू कुटुंबं तीन पिढ्या राहतात. वाड्याचा पुढचा भाग बंद असताना मागच्या बाजूची कौलं त्यांनीच शाकारली, विहिरीचा गाळ काढला, वाळवी लागलेली तुळई स्वतःच्या पैशाने बदलली. मालकांना काम सुरू करण्याआधी त्यांना पैसे देऊन मोकळं करायचं आहे. मी त्यांना कळवलं आहे की नकाशा या दोन घरांसकट काढेन. त्यांची चूल आणि येणाऱ्यांची चूल एकाच पडवीवर येईल अशी आखणी करता येते, आणि ती मी पाठवली आहे. भाडेकरूंपैकी एक काकू म्हणाल्या, पाहुण्यांचा स्वयंपाक आम्ही करू, पण पगारावर आणि आमच्या वेळेने. ही अटही मी आखणीसोबत लिहून पाठवली. धाकट्या भावाचा होकार आला आहे, थोरल्याशी दिवाळीत बसून बोलायचं आहे.